टिंकरिंग लॅबमध्ये शारीरिक दिव्यांग मुलांनी स्वतः करण्यासारखे प्रकल्प: सुरुवात कशापासून करू?

वर्गशिक्षिका_कागल

आमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायची प्रयोगशाळा. सहावी ते आठवीत चार मुलं शारीरिक दिव्यांग आहेत. लॅबच्या तासाला ती बाजूला बसून बघतात. बाकीची मुलं रोबोट जोडतात आणि या चौघांना फार तर त्याचं नाव सुचवायला सांगतात. हे बदलायचं आहे. जूनपासून दर शनिवारी दीड तास, असे दहा शनिवार मुख्याध्यापकांनी मंजूर केलेत. खर्चाला सात हजार रुपये आहेत.

मुलांची माहिती देते, त्याशिवाय नेमकं कुणाला सांगता येणार नाही. 'क' सातवीत, सेरेब्रल पाल्सी (सीपी), चारही हातपाय ताठ. उजवी मूठ टेबलावर आडवी सरकवता येते, पण एक बोट वेगळं चालत नाही. बोलणं घरच्यांना कळतं, आम्हाला निम्मं. गणितात वर्गात पुढे. 'ख' आठवीत, ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा आजार), व्हीलचेअरवर. बोटं छान चालतात, पण खांद्यातून हात उचलत नाही. 'ग' सहावीत, स्पायना बिफिडा (जन्मतः पाठीच्या कण्यातला दोष), स्वतः व्हीलचेअर चालवते, हातात भरपूर ताकद, डोक्यात शंट (मेंदूतलं जादा पाणी काढणारी नळी) आहे. 'घ' सहावीत, डावा हात जन्मतः कोपराच्या खाली थोडाच आहे.

विचारायचं असं की पहिला प्रकल्प कोणता घ्यावा? आर्डुइनोपासून (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) सुरू करू की साध्या बॅटरी-वायरीपासून? सोल्डरिंग यांच्या हातात द्यावं का? 'घ'साठी थ्रीडी प्रिंटरवर हात छापा असं जो तो सुचवतोय, ते योग्य आहे का? आणि सगळ्यात अवघड म्हणजे, सोबत येणारी आई किंवा मदतनीस मूल काही बोलायच्या आतच हात घालते. ते कसं थांबवायचं?

---

ओटी_शाहूपुरी

मॅडम, पहिला शनिवार काहीही बनवू नका, फक्त मापं घ्या. स्विच कुठे लावायचा आणि तो किती हलका हवा हे ठरवल्याशिवाय केलेलं काम नंतर कपाटात पडून राहतं.

स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा आणा. मूल नेहमी बसतं त्याच खुर्चीत, त्याच टेबलाशी बसवा. काटा त्याला सोयीच्या जागी ठेवून 'सहज दाब, जोर लावू नकोस' असं सांगा. दहा वेळा दाबू द्या आणि आकडे लिहून घ्या. सर्वांत मोठे दोन आणि सर्वांत लहान दोन सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. स्विचला लागणारं बळ त्या सरासरीच्या निम्म्यापेक्षा कमी हवं. सरासरी ३०० ग्रॅम आली तर १५० ग्रॅमच्या आतला स्विच. पालकांना अंदाज यावा म्हणून सांगायचं तर दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी हातावर ठेवली की साधारण पाचशे ग्रॅम. बाजारातली बरीच मोठी बटणं मुलांना जड का जातात ते लगेच कळतं.

'क'च्या बाबतीत स्विच वरून खाली दाबायचा ठेवू नका. मूठ आडवी सरकते म्हणता, तर स्विच टेबलावर उभा धरून बाजूने लागेल असा लावा. जड स्विचवर जोर लावला की सीपीत सगळं अंग ताठतं, मान एका बाजूला वळते, आणि मग जे बघायचं तेच नजरेतून जातं. मूल 'लक्ष देत नाही' असं वाटतं, पण दोष स्विचचा असतो. पाय टेकलेले हवेत. लोंबकळत असतील तर खाली पाट द्या. तेवढ्यानेही हात सुधारतो.

'ख'ला दमू द्यायचं नाही. ड्युशेनमध्ये 'जोर लावून व्यायाम होईल' हा विचार उलटा पडतो. दोन्ही कोपरं टेबलावर टेकलेली, सामान हातापासून वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आत, दर वीस मिनिटांनी थांबायचं. त्याची ताकद पुढच्या वर्षी आजच्याइतकी नसेल, म्हणून त्याच्या वस्तूत स्विचची जागा आणि वजन बदलता आलंच पाहिजे.

'ग'च्या तीन गोष्टी लॅबच्या भिंतीवर लिहून लावा. पहिली, स्पायना बिफिडाच्या मुलांना लॅटेक्सची ॲलर्जी असण्याची शक्यता मोठी असते. फुगे, साधी रबरबँड, लॅटेक्सचे हातमोजे लॅबमधून काढा. दुसरी, पायांना संवेदना नसेल तर मांडीवर ठेवलेली ग्लू गन, गरम लॅपटॉप किंवा सोल्डरिंग आयर्न भाजलेलं तिला कळणारच नाही. गरम वस्तू फक्त टेबलावर. तिसरी, शंटची झडप बाहेरून चुंबकाने बदलता येणारी असू शकते. स्पीकरचे आणि खेळण्यांतले जोरदार चुंबक डोक्यापासून लांब. झडप कोणत्या प्रकारची आहे हे पालकांकडून डॉक्टरांना विचारून घ्या.

आता मदतीच्या हाताबद्दल. 'मदत करू नका' असं आईला सांगून उपयोग होत नाही, तिला दुसरं काम द्यावं लागतं. नियम असा ठेवा: मदतनीसाचा हात मुलाच्या सांगण्यावरच हलेल. मुलाने 'लाल वायर, वरच्या स्क्रूत' म्हटलं तर लाल वायर वरच्या स्क्रूत. चुकीचं सांगितलं तरी तसंच करायचं, फक्त धोका असेल तर थांबायचं. मूल गप्प राहिलं तर मनात दहापर्यंत मोजायचं, मगच 'काय हवंय?' एवढंच विचारायचं. आईच्या हातात वही द्या आणि मुलाने दिलेली प्रत्येक सूचना तिला लिहायला लावा. हात वहीत अडकले की नियम आपोआप पाळला जातो.

'क'साठी एक पुठ्ठा करा. लाल, काळा, वर, खाली, आत, बाहेर, थांब, 'नाही, परत' एवढे शब्द ठळक लिहा. मदतनीस ओळीने बोट फिरवेल आणि तो मूठ सरकवून होकार देईल. वेळ लागतो. लागू द्या, दीड तासात एकच वायर जोडली गेली तरी ती त्याने जोडलेली असते.

---

कथील_आणि_तार

ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) ताईंनी मापं सांगितली, मी सामानाकडे येतो. आर्डुइनो नंतर. पहिला प्रकल्प घरातली बिनतारी बेल. त्यात कोड नाही, ती पहिल्या दिवसापासून वापरात येते आणि मुलाला लगेच एक अधिकार मिळतो: हाक न मारता माणूस बोलावता येतो. ज्याचं बोलणं दुसऱ्या खोलीत कळत नाही त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

घेताना बेलच्या बटणात बॅटरी आहे ना, ते बघा. दाबण्याच्या ताकदीवरच वीज तयार करणारी बिनबॅटरीची बटणंही मिळतात, ती इथे चालत नाहीत. बटणात बहुधा १२ व्होल्टचा २३ए किंवा ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल असतो, दोन्ही चालतील.

लागणारं सामान: लांब पट्टीचा लिमिट स्विच (पट्टी दाबली की चालणारा), ३.५ मिमी मोनो सॉकेट, मोनो प्लग लावलेली दीड मीटर दोनपदरी वायर, प्लास्टिकचा डबा.

बटणाचा डबा उघडलात की आत चार पायांचं छोटं टॅक्ट स्विच दिसेल. पाय दोन-दोन आतून जोडलेले असतात. कोणते दोन निवडायचे याचा गोंधळ होतो, म्हणून सरळ तिरके समोरासमोरचे दोन घ्या, ते नेहमी बरोबर येतात. तरी मल्टीमीटर बीपवर ठेवून बघा: दाबल्यावरच बीप यायला हवी. त्या दोन पायांवर दोन वायरी सोल्डर करून सॉकेटला न्या. मूळ बटण तसंच राहू द्या, तेही चालत राहतं.

सॉकेटला बऱ्याचदा तीन पाय असतात. त्यातला एक प्लग आत गेला की सुटणारा असतो. त्याला वायर लावली तर सगळं दिसायला बरोबर, पण स्विच कधीच चालत नाही. सर्वांत जास्त वेळ इथेच जातो. प्लग आत घालून, प्लगच्या टोकाला वायरीच्या दुसऱ्या बाजूने जोडलेला पाय कोणता ते मीटरने शोधा. दुसरी वायर बाहेरच्या कडेशी जोडलेल्या पायाला.

लिमिट स्विचवर तीन टोकं: कॉमन, नॉर्मली ओपन, नॉर्मली क्लोज्ड. आपल्याला कॉमन आणि नॉर्मली ओपन हवीत. चुकून क्लोज्डला लावलं तर बेल सतत दाबलेली राहते आणि सेल लवकर उतरतो. पट्टी जितकी लांब तितकं बळ कमी लागतं. जड वाटला तर पट्टीवर आइस्क्रीमची काडी डबल टेपने लावून ती लांब करा आणि पुन्हा वजनकाट्यावर दाबून आकडा बघा.

दोन इशारे. जुन्या इयरफोनची वायर वापरायचा मोह होतो, पण तिच्या बारीक तारांवर लाखेचा थर असतो. तो जळल्याशिवाय कथील धरत नाही, धरल्यासारखं दिसतं आणि दोन दिवसांनी सुटतं. साधी दोनपदरी फ्लेक्सिबल वायर घ्या. दुसरं, 'क'ची मूठ स्विचवरच विसावली तर बेल वाजत राहील. स्विच मुठीच्या आरामाच्या जागेपासून चार-पाच सेंटिमीटर लांब हवा.

दुसरा प्रकल्प, बॅटरीवरचं खेळणं. सरकत्या बटणाचं, चालू करून सोडलं की चालत राहणारं खेळणं असेल तर ते उघडायचीही गरज नाही. तांब्याच्या पातळ पत्र्याच्या दीड सेंटिमीटरच्या दोन चकत्या कापा, मध्ये जाड प्लास्टिकचा तुकडा ठेवा. तुकडा चकतीपेक्षा दोन मिलिमीटर मोठा हवा. प्रत्येक चकतीला एक वायर. हे सँडविच सेल आणि स्प्रिंग यांच्यामध्ये सरकवायचं आणि वायरी सॉकेटला. स्विच दाबला की सर्किट पुरं होतं. चकत्यांच्या कडा एकमेकींना लागल्या तर खेळणं थांबतच नाही. कथिलाचा गोळा मोठा झाला तर सेल बसत नाही आणि डब्याची पट्टी वाकते, म्हणून वायर चकतीच्या काठाला, चपटी. आपल्याकडच्या पावसाळ्यात तांबं काळं पडतं, मग खोडरबरने घासायचं.

जी खेळणी एकदा दाबून चालू, पुन्हा दाबून बंद होतात, त्यांना हे चालत नाही: वीज परत आली तरी ती बंदच राहतात. त्यांच्या बटणाला बेलसारखीच समांतर वायर लावा. चार्ज होणारी लिथियम बॅटरी असेल तर बॅटरीच्या वाटेत हात घालू नका, तिथेही बटणालाच समांतर. आणि खेळण्याच्या मोटरच्या वाटेत छोटं टॅक्ट स्विच कधीही टाकू नका. ते ५० मिलीअँपिअरचं असतं, मोटर अडली की करंट त्याच्या कितीतरी पट होतो आणि आतला पत्रा जळून चिकटतो. लिमिट स्विच ५ अँपिअरचा मिळतो, तो टिकतो.

सोल्डरिंग 'ग' आणि 'घ' करू शकतात: २५ वॉटचं आयर्न, जड स्टँड, बोर्ड वाइसमध्ये, धूर ओढायला बाजूला छोटा पंखा. काम झालं की साबणाने हात, कारण साध्या कथिलात शिसं असतं. तोंडात हात जाणाऱ्या मुलाजवळ ते नकोच. 'क' आणि 'ख'साठी स्क्रूचे कनेक्टर घ्या, सोल्डरशिवाय तेच काम होतं. सामान काठ असलेल्या ट्रेमध्ये ठेवा, स्क्रू घरंगळत नाहीत. पण ट्रे प्लास्टिकचा. घरातलं स्टीलचं ताट आणाल आणि चालू सर्किट त्यात ठेवाल तर शॉर्ट ठरलेला.

भिंतीतल्या विजेला, पंख्याला, ट्यूबलाइटला दहाही शनिवार हात लावायचा नाही. रिले मॉड्यूल (छोट्या सर्किटने घरची वीज चालू-बंद करणारं) स्वस्त मिळतं म्हणून कुणी आणलं तरी नाही.

---

वर्गशिक्षिका_कागल

बेल नक्की ठरली. पण स्विच टेबलावर टिकवायचा कसा? 'क'ची मूठ जोरात आली की डबल टेप उखडेल. आणि 'घ'च्या हाताचं अजून कुणी बोललं नाही.

---

उद्यमनगर_फिटर

मॅडम, डबल टेप सोडा. स्विच उभा धरायला अॅल्युमिनियमचा एल-अँगल घ्या, ४० बाय ४० मिमी, ३ मिमी जाड, लांबी १०० मिमी. एका अंगाला लिमिट स्विचची दोन भोकं, दुसऱ्या अंगाला लंबगोल खाच पाडून घ्या म्हणजे पुढंमागं सरकतो. टेबलाला जी-क्लॅम्प. क्लॅम्पच्या तोंडाला सिलिकॉनचा तुकडा लावा, साधं रबर नको, वर ताईंनी लॅटेक्सचं सांगितलंयच. अँगलच्या सगळ्या कडा कानशीने मोडायच्या आणि बोट फिरवून बघायचं. मुठीला लागली तर मूल पुन्हा तिकडं हात नेणार नाही बघा.

व्हीलचेअरला काही बसवायचं असेल तर आधी पाइप व्हर्नियरने मोजा. बहुतेक २२ किंवा २५ मिमीचा असतो. सायकलच्या हँडलला बसणारा मोबाइल होल्डर २२ ला बसतो. २५ ला बसत नसेल तर नेट लावून आवळू नका, पाइपचा रंग जातो आणि गंज धरतो. चाकाच्या आणि ब्रेकच्या वाटेत काही येतंय का, घडीची खुर्ची मिटतेय का, हे बसवायच्या आधी बघायचं. मिटत नसेल तर ती रिक्षात जाणार नाही आणि घरचे पहिल्याच आठवड्यात सगळं काढून टाकतील.

अँगलची खूण 'क'नं सांगायची. मूठ कुठपर्यंत येते तिथं मार्करने टिंब, मग भोक. एकदम दोन नको, आधी एक भोक पाडून क्लॅम्पवर लावून बघा, बरोबर वाटलं तर दुसरं. 'ग'च्या हातात ताकद आहे म्हणता, तर कानस तिच्या हातात द्या. कानस पुढं ढकलतानाच दाब द्यायचा, मागं येताना उचलायची, एवढं शिकवलं की पुरे.

'घ'च्या हाताचं. थ्रीडी छापलेले जे हात फुकट डिझाइनमध्ये मिळतात, ते बरेचसे मनगट वाकवल्यावर मिटतात. मनगटच नसेल तर कोपरावर चालणारं डिझाइन लागतं, आणि त्यालाही कोपराखाली पुरेसा हात हवा. पकड लई नसते, प्लास्टिकची बोटं गुळगुळीत, पेन सुद्धा घसरतं. थ्रीडी प्रिंटरचं पीएलए प्लास्टिक साठ अंशाच्या आसपास मऊ पडतं, उन्हात उभ्या गाडीत ठेवलं तर वाकतं. फोटो चांगला येतो, रोजचं काम होत नाही.

त्यापेक्षा एका कामाला एक वस्तू. त्याला विचारा, कोणत्या कामाला दुसरा हात लागतो. पट्टी धरायची असेल तर चामड्याचा पट्टा: रुंदी ४० मिमी, आतून सुती कापडाचं अस्तर, बाहेरच्या बाजूला एक खिसा, त्यात पट्टी, ब्रश, चमचा काहीही बसतं. बंद करायला वेल्क्रो, पण कडीतून परत फिरवून, म्हणजे एका हाताने ओढून आवळता येतं. साधा वेल्क्रो एकट्याला लावता येत नाही, ही चूक सगळे करतात. रिव्हेटची चपटी बाजू आत. पापाच्या तिकटीला चप्पल बनवणाऱ्या कारागिराकडे मुलाला घेऊन जा, माप तिथंच द्या, आणि काय हवं ते मुलालाच सांगू द्या. वनस्पतींनी कमावलेलं चामडं घामाला बरं असतं, आठवडाभर वापरलं की हाताच्या आकाराचं होतं.

---

चाकावरचा_प्रोग्रामर

उरलेल्या दोघांचं आणि कोडचं मी सांगतो. त्याआधी एक मुद्दा, कारण त्यावर सगळं अवलंबून आहे. वस्तू कोणती करायची हे मुलाने ठरवलं पाहिजे, आणि ती बिघडली तर दोष शोधता आला पाहिजे. दुसरी गोष्ट नसेल तर मूल आईवर अवलंबून होतं ते आता कथील लावणाऱ्या दादांवर अवलंबून होतं, एवढाच फरक. प्रत्येक वस्तूबरोबर मुलाच्या अक्षरात किंवा त्याने सांगून लिहून घेतलेलं एक कार्ड हवं: चालत नसेल तर १) प्लग पूर्ण आत आहे का २) सेल बदलून बघ ३) दुसरा स्विच लावून बघ ४) मूळ बटण दाबून बघ. मूळ बटणावर चालतं आणि स्विचवर नाही, म्हणजे दोष वायरीत. हा निष्कर्ष स्वतः काढता येणं हे कोणत्याही बक्षिसापेक्षा मोठं आहे.

'ग'साठी माझं मत ठाम आहे: दाब हलका करण्याची आठवण देणारी पट्टी. व्हीलचेअरवर बसून राहिलं की कातडीवर जखमा होतात, म्हणून ठराविक वेळाने हातावर अंग उचलावं लागतं. किती मिनिटांनी ते तिच्या फिजिओला विचारा. आज ही आठवण मोठी माणसं सगळ्या वर्गासमोर करून देतात. ती तिच्या हातावर गुपचूप थरथरली तर तिचं तिलाच कळतं. मायक्रोबिट (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), नाण्याएवढी कंपन मोटर, २एन२२२२ ट्रान्झिस्टर, बेसला १ किलोओहम, मोटरला उलटा १एन४००७ डायोड. मोटर थेट मायक्रोबिटच्या पिनला लावू नका, पिनला तेवढा करंट झेपत नाही. बीसी५४७ सगळीकडे मिळतो, पण त्याची मर्यादाच १०० मिलीअँपिअर आहे, मोटर त्याच्या काठावर जाते. प्रोग्राममध्ये बटण ए म्हणजे 'उचललं', त्यावर वेळ पुन्हा शून्यापासून. मोटर मनगटावर किंवा दंडावर. सीटखाली लावली तर तिला कळणारच नाही. पॉवर बँकवर चालवू नका, इतका कमी करंट ओढला की बऱ्याच पॉवर बँक आपोआप बंद होतात आणि मुलीला वाटतं आपला कोड चुकला. दोन एएए सेल पुरतात.

'ख'साठी स्वतःचा माउस. प्रो मायक्रो बोर्ड, एटीमेगा ३२यू४ असलेला, ५ व्होल्ट १६ मेगाहर्ट्झचा. आर्डुइनो उनो आर३ संगणकाला कीबोर्ड-माउस म्हणून दिसत नाही, त्यावर वेळ घालवू नका. अंगठ्याने फिरणारं जॉयस्टिक मॉड्यूल ए० आणि ए१ वर, क्लिकसाठी दोन हलकी टॅक्ट बटणं पिन २ आणि ३ वर, इनपुट पुलअप करून, बटणाचं दुसरं टोक ग्राउंडला. इथे टॅक्ट स्विच चालतं, कारण करंट नगण्य आहे. जॉयस्टिकचा मध्य बरोबर ५१२ येत नाही. सुरू होताना वीस वाचनांची सरासरी घेऊन तोच मध्य धरा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ४० पर्यंत काही हलवू नका, नाहीतर बाण स्वतःहून सरकत राहतो.

आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये बोर्ड निवडताना आर्डुइनो लिओनार्डो हा पर्याय घ्या. ३.३ व्होल्टचा पर्याय निवडून अपलोड केलं तर संगणकाला बोर्ड ओळखूच येत नाही. तसं झालं तर रीसेट पिन ग्राउंडला दोनदा पटकन टेकवा, आठ सेकंद मिळतात, तेवढ्यात अपलोड सुरू करा. कोडच्या सुरुवातीला तीन सेकंद थांबा ठेवा, म्हणजे कोड चुकून माउस वेडावाकडा पळाला तरी त्या वेळात नवा कोड टाकता येतो. यूएसबीचा सॉकेट या बोर्डवरून सहज उखडतो, केबल लावून त्याभोवती ग्लू गनचा थर द्या.

'क'ला पुढे हाच बोर्ड एका स्विचचा कीबोर्ड म्हणून. दाब ८० मिलिसेकंद टिकला तरच खरा धरायचा, सोडल्यावर अर्धा सेकंद दुसरा दाब नाकारायचा. थरथरीमुळे एकाची तीन अक्षरं उठतात, ती यानं थांबतात. आकडे त्याच्यावर बघून बदला. अँड्रॉइड फोनला ओटीजी केबलने हा बोर्ड जोडता येतो. स्विच ॲक्सेस (एका स्विचने फोन चालवायची सोय) सेटिंगमध्ये नसेल तर प्ले स्टोअरवरून घ्या आणि स्पेसची कळ 'निवडा' म्हणून द्या. पडद्यावरची चौकट आपोआप पुढे सरकेल, हवी तिथे आली की दाबायचं. तिचा वेग अंदाजाने ठेवू नका. टाळी वाजल्यावर स्विच दाबायला त्याला सरासरी किती सेकंद लागतात ते मोजा आणि त्याला ०.६५ ने भागा. १.३ सेकंद लागत असतील तर चौकट दोन सेकंद थांबायला हवी. यापेक्षा वेगवान ठेवली तर चुका होतात आणि मुलाला 'जमत नाही' असा शिक्का बसतो. गणितात पुढे आहे म्हणता, हा भागाकार त्यालाच करू द्या.

शेवटचं. विज्ञान प्रदर्शनात वस्तू मांडा, मुलाला मांडू नका. 'पाहा, दिव्यांग असूनही' असं सूत्रसंचालन होणार असेल तर नको. तो सर्किट समजावून सांगणार असेल तर जरूर. कोल्हापुरात १९८४ पासून हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड आहे, व्हीलचेअर वापरणाऱ्या नसीमा हुरजूक यांनी उभी केलेली. या शहरात स्वतःच्या खुर्चीची दुरुस्ती स्वतः करणारी मोठी माणसं आहेत. एखाद्या शनिवारी त्यातल्या कुणालातरी पाहुणे म्हणून नाही, पाना घेऊन बोलवा.

---

ओटी_शाहूपुरी

वरच्या आठवणीच्या पट्टीला माझा पूर्ण पाठिंबा, एका दुरुस्तीसह: पट्टीच्या आतल्या बाजूला सोल्डरची टोकं किंवा सेलचा डबा कातडीला लागू नये. रोज संध्याकाळी पट्टी काढून जागा लाल झाली आहे का ते 'ग'नं स्वतः बघायचं.

आत्मविश्वास वाढला का हे मोजायला मोठी प्रश्नावली नको. पहिल्या शनिवारी मुलाला विचारा, 'हे काम तुला किती जमतं, एक ते दहा?' आणि 'त्यावर तू किती समाधानी, एक ते दहा?' दहाव्या शनिवारी तेच, आधीचे आकडे न दाखवता. दोन किंवा जास्त गुणांचा फरक आला तर तो खरा धरायला हरकत नाही. आणि आईच्या वहीत मुलाच्या सूचना पहिल्या दिवशी किती, शेवटच्या दिवशी किती ते मोजा.

---

वर्गशिक्षिका_कागल

तीन शनिवार झाले. 'क'ची बेल चालते, अँगल त्याने सांगितलेल्या जागीच आहे. अडचण अशी की रात्री कधी कधी कुणी न दाबता वाजते. घरचे सेल काढून ठेवायला लागलेत.

---

कथील_आणि_तार

सेल काढू देऊ नका, रात्रीच तर तिचा खरा उपयोग. तीन शक्यता आहेत आणि त्या 'क'ला शोधता येतील.

आज रात्री स्विचचा प्लग सॉकेटमधून काढून ठेवा. तरी वाजली तर दोष स्विचमध्ये नाही. बटणाचा सेलही काढून एक रात्र बघा. तरीही वाजली तर शेजारी तशाच बेलचा कोड जुळलाय. रिसीव्हरचं बटण काही सेकंद दाबून धरून नवा कोड जोडायचा, किंवा जोडता येत नसेल तर दुकानातून वेगळा सेट बदलून घ्यायचा. सेल काढल्यावर थांबली, पण प्लग काढूनही वाजत होती, तर सॉकेटच्या पायांजवळ दमट धूळ किंवा कथिलाचा धागा आहे: जुन्या टूथब्रशने घासा, पाय एकमेकांना टेकलेत का बघा. आणि प्लग काढल्यावर पूर्ण थांबली, तर रात्री पांघरूण किंवा वायर लिमिट स्विचच्या पट्टीवर पडतेय. झोपताना अँगल पलंगाच्या कडेला उलट्या बाजूने लावा आणि आइस्क्रीमची काडी एक सेंटिमीटरने कापा.

तीन रात्री, तीन नोंदी. वही आईच्या हातात, पण आज काय काढायचं ते 'क' सांगेल.